एकसारख्या रंगाची भिंत

सदर इसमाचे नाव दयाराम तुळशीराम घरत, वय अंदाजे बावन्न, राहणार पळस्पे. बांधा किरकोळ, वर्ण सावळा. ओळखीची खूण : भुवयांत पांढरी भुकटी, जी आंघोळीने जात नाही. पूर्वीचा व्यवसाय : वडिलांच्या हाताखाली मिठागराची जमीन तुडवून सपाट करणे. सदर मिठागर आता एका गोदामाखाली आहे. सध्याचा व्यवसाय : जिप्सम बोर्डाच्या भिंतींना पडलेली भोकं बुजवणे.

नवीन पनवेलात या धंद्याला मरण नाही. एका खोलीच्या दोन करायच्या तर विटा रचत कोण बसतो? पत्र्याचा सांगाडा, त्यावर बोर्ड, वर रंग. ती दिसते भिंतीसारखी, सोसते मात्र पुठ्ठ्याइतकंच.

दयाराम वेडंवाकडं भोक आधी चौकोनी कापतो. "वाकडं भोक बुजत नाय. आदी त्याला मोठं करायला लागतं." मग मागे लाकडी पट्टी, तिच्यावर नवा तुकडा, सांध्यावर जाळीची टेप, पुट्टीचे तीन हात, घासकागद, रंग. शेवटी दिवा भिंतीला चिकटवून तिरका धरायचा. कुठे सावली पडली तर पुन्हा घासायचं.

खांदा कॉलनीत सुनीताताईंकडे तो पहिल्यांदा गेला तो गणपतीच्या आठ दिवस आधी. पाहुणे येणार होते आणि हॉलच्या भिंतीला मुठीएवढं भोक होतं. "कपाट सरकवताना लागलं," त्या म्हणाल्या. कपाट आतल्या खोलीत होतं. दुसरं भोक दिवाळीआधी. त्या वेळी कपाटाचं नावही निघालं नाही. तिसरं संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी. ते मुठीहून मोठं, सुनीताताईंच्या डोक्याच्या उंचीवर, आणि काठाला दोन लांब केस चिकटलेले. दयारामने केस कचऱ्याच्या गोणीत टाकले आणि भोक चौकोनी कापायला घेतलं. मागे सुनीताताईंचे यजमान निनादराव उभे होते. ते द्रोणागिरीला एका कंपनीत मॅनेजर आहेत. "रंग सेम आला पाहिजे हां, दयारामभाऊ," ते म्हणाले.

रंग सेम आला.

घरी सांगितल्यावर बायको रंभा म्हणाली, "भोक बुजवायला गेलास नि तोंड पन बुजवून आलास."

"गिऱ्हाइकाच्या घरातलं आपन इचारायचं नाय."

"नको इचारू. भिंती घास."

मार्चमध्ये सुनीताताईंनी तक्रार दिली : संक्रांतीआधी नवऱ्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं, भिंत फुटली. हवालदार पंचनाम्याला आले. पंच दोन लागतात. एक वॉचमन मिळाला; दुसरा म्हणून त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या दयारामला खाली बोलावलं. हवालदारांनी आधी नाव-पत्ता लिहून घेतला, मग विचारलं, "भिंतीला काय दिसतं?"

"सायब, इथं भोक होतं. तीनदा. मीच भरलंय."

"होतं ते नको. दिसतं काय ते सांग."

"दिसत काय नाय. पन ऐका." दयारामने बोटाच्या पेराने ठोकलं. "इथं बद्द वाजतं, मागं पट्टी हाय. बाजूला बगा, पोकळ."

"आवाज कसा लिहू? पंचाने डोळ्याचं बोलायचं."

"मंग मी पंच नाय, साक्षीदार होतो."

"पंच म्हणून नाव लिहून झालंय तुझं."

"कापून दाखवतो. पाच मिन्टांचं काम."

निनादराव शांतपणे म्हणाले, "घर भाड्याचं आहे, साहेब. मालकांना विचारावं लागेल."

हवालदारांनी मान डोलावली. भाड्याचं घर त्यांचंही असावं.

सुनीताताई आतल्या दारात उभ्या होत्या. त्या भिंतीकडे बघत नव्हत्या, दयारामकडे बघत होत्या. "दादा," त्या म्हणाल्या, "जरा कमी चांगलं केलं असतंत तर."

दयारामने पुन्हा एकदा भिंतीवरून तळवा फिरवला. कुठे काही लागतं का, म्हणून. लागलं नाही.

पंचनाम्यात नोंद झाली : 'सदर भिंत सलग, गुळगुळीत व एकसारख्या रंगाची असून तिजवर तडा, खड्डा अथवा दुरुस्तीची खूण आढळून येत नाही.' इतक्या वर्षांत दयारामच्या कामाची कोणी लेखी तारीफ केली नव्हती. त्याने ती दोनदा वाचली. हवालदारांनी पेन पुढे केलं. त्याने खाली सही केली.

जूनमध्ये निनादरावांनी त्याला चौथ्यांदा बोलावलं.