एकसष्टचे सोळा

विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या एका जुन्या कारकुनाला सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. रजिस्टर वाचताना ते प्रत्येक ओळीखाली फूटपट्टी ठेवत आणि ओळ संपेपर्यंत कुणी कितीही हाका मारल्या तरी मान वर करत नसत. खिडकी बंद व्हायला दोन मिनिटं असताना एखादी मुलगी धापा टाकत आली, की मात्र उठलेला हा माणूस पुन्हा खुर्ची ओढून बसे.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, तेव्हा जुनी रजिस्टरं संगणकावर चढवायचं काम निघालं. परीक्षकांच्या गुणयाद्या गठ्ठ्यातून काढायच्या आणि रजिस्टरशी ताडून बघायच्या. तरुण मंडळींनी धुळीला नाकं मुरडली, आणि काम आपसूक फूटपट्टींच्या गळ्यात पडलं.

एका दुपारी पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या भूगोलाच्या यादीवर त्यांचं बोट थांबलं. यादीत एकसष्ट, रजिस्टरात आकडे उलटून सोळा. पुढे शेरा, अनुत्तीर्ण. अक्षर त्यांचंच होतं, नोकरीच्या दुसऱ्या वर्षातलं. एकोणतीस वर्षांपूर्वी त्यांनी एका मुलीला नापास केलं होतं.

यादी आणि चूक कळवणारा अर्ज घेऊन ते अधीक्षकबाईंकडे गेले. बाईंनी आधी दार लोटून घेतलं.

"कुणी तक्रार केलीये का?"

"नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. जाता जाता कशाला चौकशी ओढवून घेताय?"

"मूठ माझी आहे, बाई. आत नशीब दुसऱ्याचं आहे."

बाईंनी अर्ज ठेवून घेतला.

घरी बायकोला सांगितलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "पत्रबित्र पाठवू नका. स्वतः जा."

त्या मुलीच्या जुन्या परीक्षा अर्जावरच्या पत्त्यावर तिचा भाऊ राहत होता. त्याच्याकडून बहिणीचं ठिकाण कळलं. ती पन्नाशीची बाई आता शिवणकामाचं दुकान चालवत होती. फूटपट्टींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चूक 'कार्यालयाकडून झाली' असं म्हणाले नाहीत. 'माझ्याकडून झाली' म्हणाले.

तिने मशीन थांबवलं. "पेपर छान गेला होता मला. वडलांना म्हटलं, परत तपासायला देऊ या. ते म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं." कापड बाजूला सारत ती म्हणाली, "मला शिक्षिका व्हायचं होतं. आता वय गेलं."

तिने बसा म्हटलं नाही, आणि फूटपट्टींना ते योग्यच वाटलं.

चौकशी झाली. लेखी ताकीद मिळाली, सेवापुस्तकात लाल शाईने नोंद झाली. समिती पदवीवर चालू वर्ष घालायला निघाली, तेव्हा खालमानेने बसलेले फूटपट्टी पहिल्यांदा बोलले. "ती त्याच वर्षी पास झाली होती. उशीर आपल्याला झाला." त्यासाठी त्यांनी चार महिने या टेबलावरून त्या टेबलावर खेटे घातले, पण वर्ष जुनंच घालून घेतलं.

पदवी घ्यायला ती एकटीच आली. खिडकीशी उभं राहून तिने वर्ष वाचलं, मग नाव, मग पुन्हा वर्ष.

"वडील असते तर दाखवलं असतं," ती म्हणाली. मग पर्स उघडत, "पुढच्या वर्गाचा फॉर्म कुठे मिळतो? बाहेरून परीक्षा देता येते म्हणे."

फूटपट्टी उठून तिच्याबरोबर प्रवेश विभागापर्यंत गेले.

विभागात काहीजण हसले. हात दाखवून अवलक्षण, म्हणाले. पण त्या आठवड्यात दोन कारकून आपापली जुनी रजिस्टरं काखेत मारून त्यांच्या टेबलाशी आले. एकाने विचारलं, "जरा बघता का? मला एका नोंदीची शंका आहे."

"बसा," फूटपट्टी म्हणाले, आणि त्यांनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली.