करावे येथील एक स्त्री

मथुरा गेल्याचं तिच्या भावाने घरी येऊन सांगितलं. दारातच उभा राहिला, चहा नको म्हणाला. "ताप व्हता ताई, मंग काय झालं ते कल्लाच नाय." खाडीपलीकडच्या करावे गावातून तो एवढ्यासाठी दादरपर्यंत आला होता. त्याला दीड महिना होऊन गेला...

कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. करावेच्या कोळीवाड्यातून कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी. ती 'पाणी'ला 'पानी' म्हणायची, 'आहे'ला 'हाय'. मुली हसायच्या. ती चिडायची नाही. हे असं का होतं, याचंच तिला वेड लागलं, आणि एम. ए.ला तिने भाषाशास्त्र घेतलं. एकदा मला आरशासमोर उभं करून म्हणाली, "'की' म्हण. आता 'कू' म्हण. ओठ बघ, 'क' निघायच्या आतच गोल झाले. पुढे कोण येतंय ते तोंडाला आधीच ठाऊक असतं." मग दातांच्या डॉक्टरकडून तिने टाळूला बसेल अशी पातळ पट्टी करून घेतली. पट्टीवर खडूची पूड टाकायची, शब्द म्हणायचा, पट्टी काढून जीभ कुठे टेकली त्याचं चित्र काढायचं. 'की'मधला क पुढे सरकलेला, 'कू'मधला मागे. 'पानी' म्हणताना 'न' यायच्या आधीच 'आ' नाकात शिरतो, हे तिने आईच्या, मावशीच्या नाकाखाली आरसा धरून, त्यावर वाफ कधी धरते त्यावरून पाहिलं. प्रबंधासाठी तीन वर्षं हेच चाललं होतं. पट्टीने तिच्या हिरड्या सोलवटायच्या, ती मिठाच्या पाण्याने चुळा भरून पुन्हा बसायची.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या मार्गदर्शक सरांचं पुस्तक आलं. चित्रं तिची, शब्द तिचे, निष्कर्षही तिचेच. चित्रांखाली छापलं होतं, 'करावे येथील एक स्त्री'. आम्ही दोघी सरांकडे गेलो. ते रागावले नाहीत, उलट पेढे पुढे केले. "मथुराबाई, तुम्ही बोललात. अभ्यास मी केला," ते म्हणाले. "आपल्याच तोंडाचा अभ्यास आपल्याला कसा करता येईल?"

मथुराने पेढा घेतला नाही. तिचा प्रबंध तिथेच राहिला, कारण विषय आता 'झालेला' होता. पुढे ती बेलापूरकडच्या एका शाळेत शिकवू लागली आणि मुलांकडून 'पाणी' घोटून घेऊ लागली. तू हे का करतेस, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यांना कुणी चित्राखाली छापू नये म्हणून."

गेल्या आठवड्यात करावेला जाऊन आले. तिची आई चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "घरान पन पुस्तकासारखीच बोले. मी गप बसं. काय बोलाचा, चुकलं तं?" मग चुलीतलं लाकूड पुढे सारत, "मरताना मातर आपलं बोलली. 'आये, मना जवल घे' बोलली."

मथुराची खोली बंदराकडच्या अंगाला आहे. खाली बायका कोलंबी निवडत मोठमोठ्याने बोलत होत्या, पण खोलीत ते अगदी पुसट येत होतं. खिडकी घट्ट लावलेली होती. उकडत होतं म्हणून मी कडीला हात घातला.

"ऱ्हाव दे," दारातून आई म्हणाली. "तिला त्यांचा बोलना आयकवत नसं."