वन्संचा ब्लॉग

आमच्या वन्सं वाचता वाचता उठून स्वयंपाकघरात गेल्या की समजायचं, लेख तिथे मेला. गॅसवर काही असो वा नसो. परत येऊन त्या खुर्चीत बसायच्या, चष्मा पुसायच्या आणि पडद्यावरच्या नेमक्या ओळीवर बोट ठेवायच्या. "इथे मला गॅस आठवला. हे वाक्य काढ."

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. राहायला ठाण्याला, खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या बाजूला. त्यांच्या गप्पांत मधूनच गाडी मागे घेणाऱ्या कंडक्टरची शिट्टी ऐकू यायची आणि त्या वाक्य तेवढ्यापुरतं थांबवून पुढे सुरू करायच्या. स्वतः त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. "मला लिहिता येत नाही," त्या म्हणायच्या, "पण कंटाळा कुठे आला ते कळतं. लिहिणाऱ्याला ते कधीच कळत नाही."

लिहिणारी म्हणजे मी. नोकरीतून सुटल्यावर डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी ब्लॉग सुरू केला तेव्हा माझं वय अठ्ठावन्न होतं आणि अक्कल सोळाची. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईकडे वळून बघते तेव्हा तिला दोन ठेवून द्याव्यात असं वाटतं. ब्लॉगचं नाव 'हिंदोळे मनाचे'. काळ्या पाटीवर गुलाबी अक्षरं. उघडला की आपोआप बासरी वाजायची आणि वरून बर्फ पडायचा. डोंबिवलीत, मे महिन्यात. तो बर्फ कुठूनसा फुकट मिळाला होता म्हणून मी लावला होता. पहिल्या लेखाचं शीर्षक 'मन'. दुसऱ्याचं 'मन – २'. असे सात झाले. वाचक अर्धा डझन, त्यांतले बहुतेक माहेरचे आणि एक मी स्वतः, आकडा वाढला का ते बघायला येणारी.

भाऊजी, म्हणजे वन्संचे यजमान, गेल्यावर शिरीषने आईला कॉम्प्युटर घेऊन दिला. शिरीष हा त्यांचा एकुलता एक मुलगा. आईचा वेळ जावा एवढाच त्याचा हेतू. वेळ असा गेला की वन्संनी मराठीत सापडतील तेवढे ब्लॉग वाचून काढले आणि प्रत्येकाखाली शेरे मारायला सुरुवात केली. नाव लिहायच्या नाहीत, नुसतं 'ठाण्याहून'. एका प्रवासवर्णनाखाली त्यांनी लिहिलं होतं, "तुम्ही हिमालयात गेलात ते कळलं. हिमालय कसा आहे ते पुढच्या वेळी सांगा." त्या माणसाने बिचाऱ्याने पुढच्या वेळी खरंच सांगितलं, आणि चांगलं सांगितलं.

मग मोर्चा माझ्याकडे वळला. बासरी पहिल्या दिवशी गेली, कारण दुपारी ब्लॉग उघडला की शेजारी दचकतात. बर्फ दुसऱ्या दिवशी. मग गुलाबी अक्षरं. "म्हातारी माणसं वाचणार तुझं. त्यांच्या डोळ्यांची दया कर, लेखिकाबाई." शीर्षकाबद्दल त्यांचं म्हणणं सरळ होतं. डब्यावर आपण 'तूरडाळ' लिहितो, 'अन्न' लिहीत नाही. 'खूप दिवसांत लिहायला जमलं नाही, क्षमस्व' अशी सुरुवात मी केली की त्या म्हणायच्या, "कोणी वाट बघत होतं का? मग माफी कुणाची मागतेस?" तरी आठवड्याचा एक वार ठरवून त्याच दिवशी लिहायचं, हे त्यांनीच मला लावलं. आमच्या पलीकडच्या दिवा गावात नळाचं पाणी किती येतं यापेक्षा कधी येतं याला महत्त्व, तसं हे. पाणी वेळेवर आलं तर बाई हंडे घेऊन उभी राहते. बेभरवशाचं असलं तर ती टँकर शोधते.

कुणी खाली 'छान' लिहिलं की मी 'मनःपूर्वक धन्यवाद' लिहायची. त्यावर त्यांचा विशेष राग. "त्याला विचार, काय छान? तो सांगेल. नाही सांगितलं तर त्याने वाचलेलं नाही."

भाऊजींच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात मी त्यांच्यावर लेख लिहिला. शीर्षक 'मौनाचा संसार'. भाऊजी ठाण्यातलं मोठं प्रस्थ. संस्थांवर, व्याख्यानांना, सत्कारांना ते असायचेच. मी मात्र घरातले भाऊजी लिहिले. त्या घरात कधी मोठा आवाज ऐकला नाही. दोघांना बोलावं लागतच नसे. नजरेनेच सारं कळायचं. आमच्याकडे ह्यांचा आवाज जिन्यापर्यंत जातो आणि तिथे कशी शांतता! लिहिताना माझे डोळे भरून आले होते. स्वतःचंच वाचून रडणाऱ्यांतली होते मी.

पुढच्या आठवड्यात वन्सं डोंबिवलीला आल्या. माझ्या कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी तो लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एकदाही उठल्या नाहीत. मी मनातून फुलले. आमटी उतू जाऊन तिचा वास बाहेरपर्यंत आला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत, शेवटी मीच धावले. परत आले तेव्हा त्या पडद्याकडे बघत होत्या.

"ते माझ्याशी बोलत नव्हते गं," त्या म्हणाल्या. "शिरीष तिसरीत होता तेव्हापासून तो कॉलेजात जाईपर्यंत. एक शब्द नाही."

मग त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. वडील, म्हणजे माझे सासरे, आजारी होते म्हणून त्या न विचारता माहेरी दोन दिवस जास्त राहिल्या. परत गेल्या त्या दिवसापासून भाऊजींनी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. जे सांगायचं ते शिरीषला. आईला सांग, आमटीत मीठ कमी आहे. आईला सांग, सदऱ्याचं बटण तुटलंय. आईला सांग, उद्या चार माणसं जेवायला आहेत. पोरगं मध्ये उभं. आणि एवढ्या वर्षांनी एका सकाळी ते 'चहा जरा गरम दे' म्हणाले आणि बोलायला लागले, जणू मधे काही झालंच नव्हतं.

"तू जेवायला यायचीस. समोरच बसायचीस," वन्सं म्हणाल्या. "तुला काय दिसलं?"

मला चांदीची वाटी दिसली होती, आणि घडी घातलेले नॅपकिन. मी लेख काढून टाकते म्हटलं. त्या नको म्हणाल्या. "राहू दे. समोर बसून माणसाला किती दिसतं ते लोकांना कळू दे." मग उठता उठता, "मला तुझ्यासारखा एक ब्लॉग काढायचाय."

तो शिरीषने उघडून दिला. ब्लॉगला ई-मेल लागतो, वन्संना तो नव्हता, म्हणून त्याने स्वतःचाच वापरला. आमच्या पिढीतल्या किती बायकांचे ब्लॉग असे मुलाच्या, जावयाच्या नावावर उघडले गेले असतील, देव जाणे. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही; रेशनकार्डावर तरी आमची नावं पहिली कुठे होती? मी तेव्हा तिथेच बसले होते. शिरीषने विचारलं, नाव काय देऊ? वन्सं म्हणाल्या, 'आईला सांग'. त्याची बोटं थांबली. मग त्याने ते टाइप केलं. आईकडे मान वळवून बघितलं नाही.

पहिल्या लेखाचं शीर्षक 'मीठ'. पहिलं वाक्य होतं: "आमटीत मीठ कमी आहे हे मला मुलाकडून कळायचं." पुढे वीसेक ओळी, बस. एका लेखात एक निरोप. कुणाला शिव्या नाहीत, आसवं नाहीत, नाव तर कुणाचंच नाही. एका बोटाने टाइप करायच्या आणि दर बुधवारी सकाळी टाकायच्या. मला दिलेला प्रत्येक सल्ला त्यांनी स्वतः पाळला, आणि मी निम्मेही न पाळता त्यांच्याकडे वाचक किती येतात ते मोजत बसले. जळत होते मी. खोटं कशाला बोलू? माझ्या 'मना'ला सात भागांत जे जमलं नाही ते त्यांच्या सदऱ्याच्या बटणाला जमलं.

खाली बायका लिहायच्या. 'आमच्याकडे निरोप सासूबाईंमार्फत असतो.' 'माझी आई अजून अशीच आहे.' दिव्याच्या एक बाई प्रत्येक बुधवारी यायच्या. त्यांनी एकदाच स्वतःबद्दल लिहिलं, की दोन खोल्यांच्या घरात तिघं राहतो, अबोल्याचा चौथा महिना चाललाय. वन्संनी त्यांना विचारलं, निरोप कोण आणतं? उत्तर आलं, मुलगी, पाचवीत आहे. वन्संनी लिहिलं, "तिला मोकळी करा. निरोप घ्यायचं तुम्ही बंद करा." यावर कुणाचा 'छान' आला नाही.

मग आमच्या नात्यातल्या कुणीतरी तो ब्लॉग कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'आपल्यातलंच कुणी वाटतंय.' दोन दिवस ग्रुपवर एकही सुप्रभात आलं नाही, एवढा तो धक्का. तिसऱ्या दिवशी ठाण्याला बैठक बसली. आमचे हे, म्हणजे वन्संचे सख्खे धाकटे भाऊ, तावातावाने गेले. ताईला तिथे काय कमी होतं, स्वतःचा ब्लॉक होता, माणसाने कधी हात उगारला नाही, असं सगळं बोलून झालं.

"हात उगारायला जवळ यावं लागतं," वन्सं म्हणाल्या.

ह्यांनी उठून पंखा वाढवला. मी जमिनीकडे बघत होते.

शिरीष मात्र तावातावाने बोलला नाही. तो अगदी हळू म्हणाला, "एक शब्द खोटा नाहीये आई, तोच प्रॉब्लेम आहे. त्या प्रत्येक लेखात मी आहे. मीच उभा असायचो मध्ये. ऑफिसमधल्या बाईने मला विचारलं, तो मुलगा तू का? मी काय सांगू?"

त्याचं खरं होतं. हीच तर अडचण होती, दोघांचंही खरं होतं. वन्संनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, नवीन लिहीत नाही, पण आहे ते राहू दे. एवढंच माझं स्वतःचं असं आहे. शिरीषने मान डोलावली. आम्ही चहा प्यायलो. येताना रिक्षात हे मला म्हणाले की प्रकरण मिटलं. मीही हो म्हटलं.

काही आठवड्यांनी, बुधवारीच, सकाळी फोन आला. "अगं, माझं नेट बिघडलंय का बघ. तुझ्याकडे माझा ब्लॉग उघड."

उघडला नाही. असा कुठलाही ब्लॉग नाही, असं पडद्यावर आलं. मला त्या क्षणी सगळं कळलं आणि मी काय म्हणाले? सर्व्हर डाउन असेल वन्सं, म्हणाले.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तुझा चालू आहे."

संध्याकाळी शिरीष घरी आला तेव्हा त्यांनी विचारलं आणि त्याने पुसला म्हणून सांगितलं. त्यांनी त्याला जेवायला वाढलं. मी मनात धरून चालले होते की आता ह्या बोलणं टाकणार. त्या चिडल्याच माझ्यावर. "ते मी कसं करीन? अबोल्याच्या पलीकडच्या बाजूला इतकी वर्षं बसलेली आहे मी." शेवटपर्यंत त्या शिरीषशी बोलल्या, रागावल्या, हसल्यासुद्धा. फक्त कॉम्प्युटरवर कापड टाकलं ते पुन्हा काढलं नाही. त्यांच्या स्वतःच्या नावाचा ई-मेल काढून नवा ब्लॉग उघडू या, असं मी एकदा सुचवलं. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा मी लिहिलं. आता लिहीन ती तक्रार होईल."

दिव्याच्या बाई शोधत शोधत माझ्या ब्लॉगवर आल्या. ठाण्याच्या काकूंचा ब्लॉग कुठे गेला, दिसत नाही, म्हणून विचारलं. काय उत्तर देऊ, हे मी वन्संना विचारलं.

"सांग, बाई गेल्या."

"अहो वन्सं, असं कसं लिहू?"

"मग खरं लिही. मुलाने पुसला म्हणून लिही. बघ तुला लिहवतं का."

मला लिहवलं नाही. मी लिहिलं, 'काही तांत्रिक अडचणींमुळे सदर ब्लॉग तूर्तास उपलब्ध नाही.' वन्संना ते फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे डेपोतली शिट्टी ऐकू आली. शिट्टी थांबली तरी त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, कुकर लावायचाय, आणि फोन ठेवला.

या जानेवारीत वन्सं गेल्या. शिरीष खूप रडला. तेराव्याला मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामी, तू लिहितेस ना, आईवर काहीतरी लिही." पुढे म्हणाला, "छान लिही." मी हो म्हटलं त्याला.

तर दिव्याच्या बाई, तुम्ही अजून वाचत असाल तर ऐका. अडचण तांत्रिक नव्हती. मुलाने पुसला. तो वाईट नाही. लहानपणी त्याला मध्ये उभं केलं ते दोघांनीही कधी त्याला विचारून केलं नव्हतं. तुमची मुलगी आता कॉलेजात असेल. तिला कधीतरी विचारा.

त्या लेखांतलं काहीच माझ्याकडे नाही. 'हिंदोळे मनाचे'चं मात्र मी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून पुस्तक बांधून घेतलं होतं, वर प्लास्टिकचं कव्हर, आणि लग्नामुंजीत आहेर म्हणून वाटलं होतं. 'मन'चे सातही भाग त्यात शाबूत आहेत. वन्संचं एक पानही मी छापून घेतलं नाही. मिठाबद्दलचं ते एक वाक्य मला जसंच्या तसं येतं. बटणाचं, पाहुण्यांचं, गरम चहाचं, ते सगळंही आठवतं. पण ते माझ्या शब्दांत आठवतं, आणि दर वेळी आधीपेक्षा जरा गोड होऊन.