नाव झाकलं, पण...

गेल्या शनिवारी इस्लामपूरला गेले होते. आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी एक शिष्यवृत्ती सुरू केलीय, तिचे अर्ज तपासायला. निवड समितीत मी धरून आम्ही तिघं. मुलगा असो वा मुलगी, एकाच विद्यार्थ्याच्या तीन वर्षांच्या शिक्षणाची सोय होणार होती.

नावं झाकायची कल्पना माझीच. नाव, आडनाव, जात... काही दिसायला नको, फक्त गुणवत्ता बघायची. ऑफिसातल्या सदामामांनी प्रत्येक अर्जावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून दिल्या होत्या. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोलू...

अकरा नंबरचा अर्ज हातात आला. मार्क बरे, बक्षीस एकही नाही आणि दहावीपर्यंत पाच शाळा! मी लाल पेनाने 'सातत्य नाही' असं लिहिलं आणि तो बाजूला ठेवला.

मामा चहा घेऊन आले. बाजूला ठेवलेल्या अर्जावरचा माझा लाल शेरा वाचून थबकले. पट्टी त्यांनीच लावलेली, त्यामुळे पोरगी कोण ते त्यांना ठाऊक.

"आवं मॅडम, शाळा तिनं न्हाई बदलल्या, मेंढरांनी बदलल्या. आटपाडीकडची हाय. दिवाळी झाली की घरदार मेंढरांमागं निघतंय. जिथं तळ पडंल, तिथल्या शाळंत बसायचं." मग कप ठेवता ठेवता म्हणाले, "सातत्य म्हंजे काय वो... एकाच बाकावर धा वर्सं बसणं?"

मी वाईत एकाच शाळेत दहा वर्षं बसले होते. वडील शिक्षक, घरी पुस्तकांचं कपाट. म्हणजे मी गुणवत्ता मोजत नव्हते... माझ्यासारखी मुलं शोधत होते.

समितीतले एक सर म्हणाले, "आता ओळख कळली. नियम मोडला की मॅडम!" मुद्दा बरोबर होता. म्हणून आम्ही सगळ्याच पट्ट्या काढल्या आणि प्रत्येकाला फोन करून एकच प्रश्न विचारला... इथवर कसे आलात?

अकरा नंबरची पोरगी आधी घाबरलीच. "मॅडम, दाखले पाच हायत, पर वर्स एकबी वाया न्हाई गेलं!" बाकीच्यांची उत्तरंही ऐकली. मग निवड तिचीच झाली, तिघांच्याही मताने.

इतरांवर अन्याय झाला का? दोन दिवस स्वतःला विचारतेय. ज्या हुशार मुलाचा नंबर हुकला, त्याचं वाईट वाटतंच. पण राखीव जागा, सवलती म्हणजे गुणवत्तेला सूट, असं मी वर्षानुवर्षं मानत आले, ते चूक होतं. कोण कुठून निघालं हे न बघता किती पुढे आलं ते सांगताच येत नाही. आता हे ठामपणे म्हणते.

मामा त्या दिवशी नुसता चहा ठेवून निघून गेले असते, तर मी आजही स्वतःला निष्पक्षच समजत बसले असते...