दातांच्या दवाखान्यातला बाक

एकाच मजल्यावर दातांचा दवाखाना आहे आणि समोर मनोविकारतज्ज्ञांचा. मनोविकारतज्ज्ञांचे बाक रिकामे असतात, कारण त्यांचे रुग्ण दातांच्या बाकावर बसून वाट पाहतात. आम्हीही तिथेच बसलो होतो: आई, मी आणि स्मरण हरवत चाललेले बाबा. शेजारचा तरुण गालावर हात धरून होता. समोरून त्याचे नाव पुकारताच हात खाली आला आणि तो मान खाली घालून समोरच्या दारात शिरला.

तेवढ्यात ओळखीच्या एक काकू जिना चढून आल्या.

"काय भाऊ, दाढ का?"

"हो ना, फार ठणकतेय," आईने घाईने सांगितले.

"तरी सांगत होते, पेढे कमी खा!"

बाबा आईकडे पाहत राहिले.

मी मेंदूचा अभ्यास करते. बाबांच्या मेंदूत नवी आठवण का रुजत नाही, हे मी नीट समजावून सांगू शकते. लाज तिथे कोणत्या वाटेने शिरते, हे मात्र मला ठाऊक नाही. सकाळचा नाश्ता त्यांना दुपारी आठवत नाही. त्या संध्याकाळी मात्र दाराची बेल वाजली, शेजारी आत आले आणि कुणी काही विचारण्याआधीच बाबांनी गालावर हात ठेवला.