आठचा अलार्म

जयपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात, त्या खिडकीसमोर एक लांब बाक आहे. नंबर लागेपर्यंत इतका वेळ जातो की किस्से साठणारच! मी शाळा लवकर सोडली, लिहायची सवय नाही. पण हे किस्से ताईचे आहेत, आणि ताई या थंडीत टीबीने गेली. मतलब, सांगायला आता मीच उरलो.

ताईचा चिकू पोटात असताना तपासणीत कळलं, तिला एचआयव्ही आहे. दाजी ऐकताच निघून गेले. ताईने समुपदेशक मॅडमना एकच विचारलं, "बाळाला होईल?"

"रोज गोळी घेतलीस तर बहुतेक नाही."

त्या दिवसापासून ताईच्या मोबाईलवर संध्याकाळी आठचा अलार्म लागला.

*

गोळ्यांची बाटली बसमध्ये खुळखुळते, म्हणून बाकावरच्या बायका तिच्यात कापूस कोंबतात. जवळच्या कानोता गावच्या एक भाभी तर उशी फाडून कापूस आणायच्या! आमची ताई उलटी. घरी येताच कापूस काढून चिकूसमोर बाटली वाजवायची. तो खिदळायचा. बाबांनी खराखुरा खुळखुळा आणला, तो त्याने फेकून दिला!

मी ओरडलो, "जगापासून लपवायचं आणि घरात वाजवायचं?"

"अरे, त्याच्यासाठीच तर खाते!"

*

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं काहीही नाही, नाहीतर बाळाला लागण व्हायचा धोका वाढतो, असं मॅडमनी बजावलेलं. शेजारच्या आंटी मध चाटवायला आल्या. मी चमचाच हिसकावला.

"भैया, शहद है, ज़हर नहीं!"

खरं कारण कसं सांगणार? "आंटीजी, हमारे यहाँ पहले मामा चखता है," म्हणालो आणि मध गट्ट केला.

दुसऱ्या दिवशी त्या अख्खी बाटली घेऊन हजर. "लो मामाजी!"

*

विद्याधर नगरात एका लग्नात बरोबर आठला ताईचा अलार्म वाजला. त्याच क्षणी आणखी दोन वाजले! तीन बायका तीन कोपऱ्यांतून उठून पाण्याच्या कूलरपाशी आल्या. तिघींच्या मुठी बंद.

शेवटी ताई म्हणाली, "पानी ठंडा है, दीदी."

तिघी इतक्या हसल्या की निम्मं पाणी साड्यांवर!

*

चिकूची पहिली टेस्ट चांगली आली. मी धावत जाऊन कलाकंद आणला, सगळ्या बाकाला वाटला. मॅडम कपाळावर हात मारून म्हणाल्या, "पगले, ये तो लीग मैच है! अभी माँ का दूध चालू है. फाइनल डेढ़ साल पे."

बाबा रेल्वेतले. म्हणाले, "हिरवा सिग्नल मिळेपर्यंत या घरात गोड येणार नाही."

आलं नाही. ताईच्या वाढदिवसालाही नाही.

*

ताई गेल्यावर मी तो अलार्म बंद करायला निघालो. बाबांनी हात धरला. "राहू दे."

अलार्म वाजला की चिकू पाखरासारखा आ करायचा. ताई स्वतः गोळी घेतानाच त्याला मॅडमनी दिलेलं बचावाचं सिरप पाजायची ना! मग ते मी पाजायला लागलो.

गेल्या आठवड्यात फायनल झाली. निगेटिव्ह! मॅडमनी सिरपही बंद करायला सांगितलं. मी चिकूला इतकं उंच उडवलं की कानोत्याच्या भाभी किंचाळल्या, "पास हो गया है, अब गिरा मत देना!"

संध्याकाळी आठला अलार्म वाजला. चिकूने आ केला. माझा हात सवयीने सिरपकडे गेला आणि तिथेच थांबला. चिकू आपला आ करून बसलेला.

बाबा नुकतेच ड्युटीवरून आले होते, बूटही काढले नव्हते. त्यांनी खिशातून पुडी काढली. कलाकंदाचा एवढासा तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडात ठेवला.

चिकूने तो गिळला आणि पुन्हा आ केला!