झोपेच्या परीक्षेतली कॉपी

आमच्या ह्यांच्या झोपेची परीक्षा होती आणि कॉपी करताना मी पकडले गेले.

त्याचं असं झालं. हे घोरतात, आणि घोरता घोरता मधेच श्वास थांबतो. दिवसा पेपर वाचताना डुलक्या! सून म्हणाली, "आई, हे साधं घोरणं नाही. हृदयावर ताण येतो." मग द्वारका चौकातल्या डॉक्टरांनी घरीच लावायचं यंत्र दिलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा. झोपेत श्वास कुठे अडतो ते टिपून ठेवतं म्हणे.

आता तपासणी म्हटली की रिपोर्ट चांगला यायला नको? (साखर तपासायच्या आधी आमची अख्खी कॉलनी कारल्याचा रस पिते!) मीही तयारी केली. ह्यांना मुगाची खिचडी दिली, कुशीवर झोपवलं, आणि श्वास अडला रे अडला की कोपराने ढोसलं.

"अहो, श्वास घ्या!"

"घेतोय गं बाई!"

रिपोर्ट आला. श्वास फारसा थांबतच नाही! मी पेढे घेऊनच दवाखान्यात गेले. डॉक्टर मात्र कागदाकडे बघून म्हणाले, "काका, तुम्ही सारखे दचकून का उठत होता?"

ह्यांनी गुपचूप माझ्याकडे बोट दाखवलं.

"अहो काकू, आजार दिसलाच नाही तर उपचार कशावर करू?"

पेढ्यांचा पुडा मी पदराखाली घेतला.

दुसऱ्या वेळी सुनेने मला वणीला बहिणीकडे धाडलं. तिथे माझा डोळ्याला डोळा लागेना. लावला फोन!

"अहो, श्वास घेताय ना?"

"घेत होतो! आता जागा झालो!"

गेला तोही रिपोर्ट.

तिसऱ्या वेळी बहिणीने माझा फोन तांदळाच्या डब्यात पुरला, तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. ह्यांचा श्वास फार वेळा अडत होता. ऐकताच मी ह्यांचा हात घट्ट धरला.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "नाकाला मास्क लावून झोपायचं, मशीन हवा देत राहील. पण काका, इतकी वर्षं निभावलंत कसं?"

हे हळूच म्हणाले, "घरी मशीन होतं की. ही काय, बसलीये."

डॉक्टर हसले, सून हसली, मी तर या वयात लाजले! जिना उतरताना डोक्यात उजेड पडला : नवं मशीन उद्या घरी येतंय. म्हणजे मघाशी झालं ते माझं कौतुक होतं, की निरोप समारंभ?